टेबलाखालचा न्हावी

‘युरोपातील प्रबोधनाची कारणे लिहा’ असा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, तिथले विद्वान ग्रीक ग्रंथ घेऊन इटलीत आले, छपाईचा शोध लागला आणि माणूस स्वतंत्र बुद्धीनं विचार करू लागला. पाच गुण. यातलं बरंचसं बरोबरच आहे. (तपशिलात शिरायचं तर ग्रीक विद्वान १४५३ च्या कितीतरी आधीपासून इटलीत येत होते. मॅन्युएल क्रिसोलोरस १३९७ सालीच फ्लॉरेन्सला ग्रीक शिकवत होता.) पण ‘माणूस विचार करू लागला’ हे वाक्य वाचून मुलांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहत असेल? कोणता माणूस? त्याआधी तो काय करत होता? आणि नुसत्या विचारानं काय बदललं?

वर्गात हे बोलायचं असेल तर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून सुरुवात करता येते. दोन्ही छापील पुस्तकांतली आहेत, दोन्ही लाकडी ठशांवरून छापलेली, आणि दोन्हींचा विषय एकच आहे : मेलेल्या माणसाचं शरीर उघडून विद्यार्थ्यांना दाखवणं.

पहिलं चित्र १४९० च्या दशकात व्हेनिसमध्ये छापलेल्या एका वैद्यकाच्या पुस्तकातलं. मधोमध टेबल, त्यावर प्रेत. टेबलाच्या मागे, माणसांच्या डोक्यांच्याही वर, उंच आसनावर प्राध्यापक बसले आहेत. खाली एकजण हातात सुरी घेऊन वाकला आहे. त्याच्या बाजूला दुसरा एक कुठे कापायचं, काय पाहायचं ते दाखवतो आहे. भोवती झगे घातलेले विद्वान उभे आहेत. प्राध्यापकांचे हात प्रेतापासून चांगले दोन-तीन हात दूर आहेत.

दुसरं चित्र १५४३ सालच्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं. गर्दी इतकी की खिडक्यांतून, खांबांमागून माणसं डोकावताहेत. उंच आसन आता नाही. त्या जागी हातात काठी घेतलेला एक सांगाडा आहे. प्राध्यापक खाली उतरून टेबलाशी उभे आहेत, त्यांचा हात थेट उघड्या प्रेतावर आहे आणि ते आपल्याकडे, म्हणजे वाचकाकडे, बघताहेत.

मुलांना एवढंच विचारावं : कोणाचे हात कुठे आहेत? प्रबोधनात जे घडलं त्याचा बराच मोठा भाग या एका प्रश्नात सापडतो. सगळा मात्र नाही. तो का नाही, हेही दुसऱ्याच चित्रात दडलेलं आहे.

वाचणारा, दाखवणारा, कापणारा

पहिल्या चित्रातली व्यवस्था कुणाच्या आळसातून आलेली नव्हती, तिला एक रीत होती. विद्यापीठातलं वैद्यक म्हणजे ग्रंथांचं शास्त्र. ते लॅटिनमध्ये शिकायचं, ग्रंथातलं वचन वाचायचं, त्यावर वाद करायचा. शरीर कापणं, जखम शिवणं, दात उपटणं, रक्त काढणं ही हाताची कामं. ती करायची न्हाव्यानं. वस्तरा त्याच्याकडे असायचाच. त्यामुळे शवविच्छेदनाच्या वेळी प्राध्यापक ग्रंथ वाचत, न्हावी कापत असे आणि मधला माणूस दोघांची सांगड घालत असे. न्हाव्याला लॅटिन कळत नसे, आणि प्राध्यापकांना आत प्रत्यक्षात काय आहे ते वरून नीट दिसत नसे. विद्यार्थ्यांनाही फारसं दिसत नसणार. पण त्यांना जे पाहायचं होतं ते ग्रंथात आधीच लिहिलेलं होतं. प्रेत हे ग्रंथाला जोडलेलं चित्र, एवढीच त्याची भूमिका होती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चर्चनं शवविच्छेदनावर बंदी घातली होती आणि शूर शास्त्रज्ञांनी ती मोडली, अशी गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. पोप आठव्या बोनिफेसच्या १२९९ सालच्या फर्मानाचा दाखलाही देतात. ते फर्मान वेगळ्याच गोष्टीबद्दल होतं. दूर देशी मेलेल्या सरदारांची प्रेतं तुकडे करून, उकळून, फक्त हाडं मायदेशी नेण्याची प्रथा पडली होती, ती त्यानं बंद केली. बोलोन्याच्या विद्यापीठात चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शवविच्छेदन उघडपणे होत होतं, आणि तिथल्या मोंदिनोनं १३१६ च्या सुमारास त्यावर लिहिलेलं पुस्तक पुढे दोनशे वर्षं वापरात होतं. म्हणजे प्रेतं होती, सुऱ्या होत्या, विद्वान होते, परवानगी होती. तरी दोनशे वर्षांत ग्रंथातली चूक कुणाला दिसली नाही. बंदीनं अडलं असतं तर समजायला सोपं गेलं असतं. इथे अडवणारी गोष्ट होती ती कामाची वाटणी.

गेलनचं ऐकून गेलनला हरवलं

ज्या ग्रंथकाराचं वचन प्रमाण मानलं जाई तो गेलन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. ग्रीक वैद्य, रोममध्ये बादशहांपर्यंत पोचलेला. तरुणपणी त्यानं पर्गामॉनला ग्लॅडिएटरांच्या जखमांवर उपचार केले होते. माणसाचं प्रेत उघडायची सोय त्याला नव्हती, म्हणून तो माकडं, डुकरं, बैल कापून पाहत असे. आणि हा माणूस मोठा होता, त्याला हसू नये. त्याचा एक ग्रंथ तर विच्छेदन कसं करावं याचीच कृती सांगतो. त्यात तो बजावतो की हे काम दुसऱ्यावर सोपवू नका, स्वतःच्या हातानं करा.

मध्ययुगात लॅटिन युरोपात गेलन पोचला होता तो बराचसा तुकड्यांत आणि सारांशात. सोळाव्या शतकात चित्र बदललं. १५२५ साली व्हेनिसच्या प्रसिद्ध आल्डस छापखान्यानं गेलनचे ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये पाच खंडांत छापले. १५३१ मध्ये पॅरिसच्या योहान ग्युंटर या प्राध्यापकानं त्यातला हा विच्छेदनाच्या कृतीचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला. ‘प्राचीन विद्येचं पुनरुज्जीवन’ म्हणतात ते हेच. या विद्वानांना नवं काही शोधायचं नव्हतं, जुनं शुद्ध स्वरूपात हवं होतं. पण शुद्ध स्वरूपात मिळालेला गेलन म्हणत होता की माझ्यावर विसंबू नका, स्वतः कापून पाहा.

ग्युंटरच्याच हाताखाली १५३३ ते १५३६ मध्ये एक विद्यार्थी शिकत होता. आंद्रेआस व्हेसॅलियस. जन्म १५१४, ब्रुसेल्स. वडील सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पदरी औषधी तयार करणारे. पॅरिसच्या एका जुन्या दफनभूमीत हाडांचे ढीग पडलेले असत. हा आणि त्याचे मित्र तिथे तासन्‌तास बसत आणि डोळे बांधून, नुसतं चाचपून हाड ओळखायची पैज लावत. असा अभ्यास कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हता.

युद्धामुळे पॅरिस सुटलं. लूव्हाँला परतल्यावर गावाबाहेर फाशीच्या जागी त्याला एक सांगाडा टांगलेला दिसला. पक्ष्यांनी मांस स्वच्छ केलेलं होतं, हाडं मात्र सांध्यांत घट्ट. बरोबर गेमा फ्रिसियस हा पुढे गणिती म्हणून नावाजलेला मित्र होता. त्याच्या मदतीनं व्हेसॅलियस खांबावर चढला, हाडं ओढून काढली, लपवून घरी नेली, आणि उरलेल्यासाठी रात्री गावाबाहेर राहिला. नंतर त्यानं तो सांगाडा जोडला आणि पॅरिसहून आणला असं लोकांना सांगितलं. हे सगळं त्यानं स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे, लपवाछपवीबद्दल जराही संकोच न करता.

डिसेंबर १५३७ मध्ये पाडुआच्या विद्यापीठानं त्याला पदवी दिली आणि लगेच शल्यक्रिया आणि शरीररचना शिकवायला नेमलं. वय २३ पुरं व्हायचं होतं. पाडुआ तेव्हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकात होतं. इथे त्यानं वाचणारा, दाखवणारा आणि कापणारा ही तीनही कामं स्वतःकडे घेतली.

तरी डोळे लगेच उघडले नाहीत, आणि मला वाटतं शिक्षकांसाठी गोष्टीतला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. १५३८ मध्ये त्यानं शरीररचनेचे सहा मोठे तक्ते छापले. त्यांत गेलनच्या चुका तशाच आहेत : पाच पाळ्यांचं यकृत, मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक ‘अद्भुत जाळं’. असं जाळं बैलात, मेंढीत असतं, माणसात नसतं. व्हेसॅलियसला ते माणसाच्या डोक्यात कधी सापडत नव्हतं. मग तो काय करायचा? व्याख्यानाच्या वेळी मेंढीचं एक डोकं हाताशी ठेवायचा आणि जाळं त्यात दाखवायचा! पुढे हे कबूल करताना त्यानं आपल्याच बावळटपणाचं आश्चर्य व्यक्त केलं आहे. स्वतःच्या हातानं कापणाऱ्यालाही ग्रंथाबाहेरचं दिसायला वेळ लागतो.

जानेवारी १५४० मध्ये बोलोन्यात हा ताण उघड झाला. मात्तेओ कोर्ती हे ज्येष्ठ प्राध्यापक मोंदिनोच्या पुस्तकावर व्याख्यानं देणार आणि व्हेसॅलियसनं विच्छेदन करून दाखवायचं असं ठरलं होतं. म्हणजे जुनीच वाटणी, फक्त न्हाव्याच्या जागी प्राध्यापक. बाल्दासार हेसेलर नावाच्या विद्यार्थ्यानं घेतलेली टिपणं सुदैवानं उरली आहेत. वाद पेटला तो छातीच्या दुखण्यात रक्त कुठल्या शिरेतून काढावं यावर. कोर्ती ग्रंथ पुढे करत होते, व्हेसॅलियस म्हणत होता, प्रेत इथेच आहे, बघून घेऊ. कोर्ती थांबले नाहीत, निघून गेले. त्याच वेळी व्हेसॅलियसनं माणसाचा आणि माकडाचा सांगाडा जवळ ठेवून दाखवलं की गेलननं वर्णन केलेला मणक्याचा एक भाग माकडात आहे, माणसात नाही. तेराशेहून अधिक वर्षं विद्वान माणसाच्या नावाखाली माकड शिकवत आले होते.

शाई, ठसे आणि आल्प्स

१५४३ साली बासेलच्या ओपोरिनस या मुद्रकानं व्हेसॅलियसचा ‘मानवी शरीराच्या रचनेविषयी’ हा सात भागांचा ग्रंथ छापला. सहाशेंहून अधिक मोठी पानं, दोनशेंहून अधिक चित्रं. कोपर्निकसचा ग्रंथही त्याच वर्षीचा. खालचा जबडा गेलननं दोन हाडांचा सांगितला होता, तो एकच आहे. छातीचं मधलं हाड सात तुकड्यांचं नाही. ‘अद्भुत जाळं’ माणसात नाही – अशा दुरुस्त्या पानोपानी आहेत.

या दुरुस्त्या टिकल्या त्या चित्रांमुळे. लिओनार्दो दा व्हिंचीनं व्हेसॅलियसच्या आधी तीसेक वर्षं प्रेतं उघडून अप्रतिम चित्रं काढली होती. ती वह्यांतच राहिली, म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्यांचा तेव्हा काही परिणाम झाला नाही. हातानं काढलेल्या चित्राची नक्कल करताना दर वेळी काहीतरी बिघडतं. शंभराव्या नकलेत यकृताचं पान होतं. लाकडी ठशातून निघालेली प्रत मात्र पाडुआत, पॅरिसमध्ये, लंडनमध्ये एकसारखी. दूरच्या दोन शहरांतले दोन वैद्य पहिल्यांदाच एकच आकृती समोर ठेवून भांडू शकत होते. प्रबोधनकाळातल्या छपाईचं महत्त्व सांगताना आपण बायबलपाशी थांबतो. चित्रांचंही तितकंच मोठं आहे.

चित्रकार आणि वैद्य यांचं नातंही जुनं होतं. फ्लॉरेन्समध्ये चित्रकारांना स्वतःचा वेगळा संघ नव्हता. ते वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात असत, कारण रंगाची पूड औषधाच्याच दुकानात मिळे. व्हेसॅलियसची चित्रं व्हेनिसमध्ये, टिशियनच्या चित्रशाळेशी संबंधित कलाकारांनी काढली असावीत असं मानलं जातं. ठसे तिथेच कोरले गेले आणि व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर आल्प्स ओलांडून बासेलला पोचले. पण इतक्या जाड ग्रंथात चित्रकाराचं किंवा ठसे कोरणाऱ्याचं नाव छापलेलं नाही. पुढे एका पत्रात व्हेसॅलियस या कलाकारांच्या लहरीपणानं आपण कसे जेरीस आलो याची तक्रार मात्र करतो.

विरोध झालाच. पॅरिसचा त्याचा गुरू सिल्व्हियस यानं त्याला वेडा ठरवणारं पुस्तक १५५१ मध्ये काढलं. गेलन चुकला असं दिसतं तिथे चूक गेलनची नाही, माणसाचं शरीरच तेव्हापासून बदललं आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. हसू येतं, पण हा माणूस अडाणी नव्हता. आयुष्यभर ज्याच्यावर अन्न आणि मान मिळवला ते सोडणं त्याला जमलं नाही.

टेबलाखाली कोण?

प्रस्तावनेत व्हेसॅलियस वैद्यकाच्या अधःपाताचं कारण सांगतो. वैद्यांनी हात चालवणं सोडलं; पथ्याचं रांधणं सेवकांवर टाकलं, औषधं औषधविक्रेत्यांवर, शल्यक्रिया न्हाव्यांवर; आणि मग त्यांच्याजवळ उरली नुसती बडबड. त्या काळच्या विद्यापीठातल्या माणसानं हाताच्या कामाची बाजू इतक्या जोरात मांडावी ही लहान गोष्ट नव्हती. इतिहासकार एडगर झिल्झेल यानं १९४० च्या दशकात असं मांडलं की आधुनिक विज्ञान जन्मलं ते विद्वानाची तर्कबुद्धी आणि कारागिराचा अनुभव यांच्यामधली सामाजिक भिंत खचली तेव्हा. त्याच्या मांडणीवर पुष्कळ वाद झाले आहेत, पण व्हेसॅलियसचं मुखपृष्ठ बघताना ती आठवल्याशिवाय राहत नाही.

आता ते मुखपृष्ठ पुन्हा बघा. टेबलाखाली दोन माणसं आहेत. वस्तऱ्यांवरून त्यांची कुरबुर चाललेली दिसते. हे न्हावी. प्राध्यापक खाली उतरले तेव्हा न्हावी वर आला नाही, तो आणखी खाली गेला. प्रस्तावनेतही न्हाव्यांबद्दल जे शब्द आहेत ते आदराचे नाहीत. व्हेसॅलियसचं म्हणणं ‘हातानं काम करणाऱ्याला विद्वान माना’ असं नाही. त्याचं म्हणणं आहे ‘विद्वानानं हातानं काम करावं’. दोन्ही वाक्यं सारखी वाटतात, पण समाजाच्या दृष्टीनं त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि टेबलावर कोण आहे? एक बाई. ग्रंथात तिचं नाव नाही, हकिगत आहे. तिला मृत्यूची शिक्षा झाली होती. फाशी टळावी म्हणून तिनं आपण गरोदर असल्याचं सांगितलं. सुइणींनी तपासून ती गरोदर नसल्याचं सांगितलं. तिला फाशी झाली आणि तिचं शरीर विच्छेदनाला आलं. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर गर्दीतले लोक जिच्या उघड्या पोटाकडे बघताहेत ती हीच. पाडुआत मार्कान्तोनिओ कोन्तारिनी हा न्यायाधीश व्हेसॅलियसला फाशी दिलेल्यांची प्रेतं मिळवून देत असे. ती अपुरी पडली की विद्यार्थी थडगी उकरत, आणि नातेवाइकांना ओळखू येऊ नये म्हणून एका प्रेताची कातडीच सोलून काढल्याचं व्हेसॅलियस स्वतः सांगतो. नव्या ज्ञानासाठी लागणारी शरीरं कुणाची होती, हे वर्गात सांगावं की नाही, असा प्रश्न पडेल. माझ्या मते मोठ्या वर्गात जरूर सांगावं. मुलं हा प्रश्न स्वतःहून विचारतात.

वस्तरा हातात असलेल्यांनी लिहिलं तेव्हा

भिंत दुसऱ्या बाजूनंही पोखरली जात होती. आंब्रवाझ पारे हा १५१० च्या सुमारास जन्मलेला फ्रेंच माणूस न्हाव्याकडे उमेदवारी करून वर आला. पॅरिसच्या मोठ्या धर्मार्थ रुग्णालयात काम शिकला आणि सैन्याबरोबर गेला. लॅटिन त्याला येत नव्हतं. बंदुकीच्या जखमेत दारूचं विष जातं, म्हणून जखमेत उकळतं तेल ओतावं, असं ग्रंथ सांगत होते. १५३६-३७ च्या इटलीतल्या मोहिमेत जखमी इतके झाले की पारेजवळचं तेल संपलं. नाइलाजानं त्यानं उरलेल्यांच्या जखमांना अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. रात्रभर त्याला झोप आली नाही. विषानं ही माणसं सकाळी मेलेली असतील असं त्याला वाटत होतं. पहाटे जाऊन पाहतो तो लेपवाले शांत झोपलेले, जखमा न सुजलेल्या, आणि तेलवाले तापानं फणफणलेले. बिचाऱ्या जखमींना असं पुन्हा जाळायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

त्यानं हे १५४५ मध्ये छापलं, फ्रेंचमध्ये. १५६१ च्या त्याच्या शरीररचनेच्या पुस्तकात व्हेसॅलियसची चित्रं घेतलेली आहेत. जो ग्रंथ लॅटिन जाणणाऱ्यांसाठी, सम्राटाला अर्पण केलेला आणि भरभक्कम किमतीचा होता, त्यातलं ज्ञान अशा रीतीनं पॅरिसच्या न्हाव्यांच्या हातात पडलं. तोवर पारे राजाचा शल्यवैद्य झाला होता, आणि १५५४ मध्ये शल्यवैद्यांच्या प्रतिष्ठित मंडळानं लॅटिनकडे काणाडोळा करून त्याला आत घेतलं होतं. पण १५७५ मध्ये त्याचे सगळे ग्रंथ एकत्र निघाले तेव्हा पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेनं विक्री थांबवायची खटपट केली. आमच्या परवानगीशिवाय आणि तेही देशी भाषेत वैद्यकावर लिहितो, हा आक्षेप होता. भाषेचा प्रश्न इथे शैलीचा नव्हता. धंदा कुणाच्या हातात राहणार, याचा होता.

त्याच १५७५ च्या सुमारास पॅरिसमध्येच एक कुंभार व्याख्यानं देऊ लागला. बर्नार पालिसी. पांढरी चकाकी चढवण्याचं तंत्र शोधताना भट्टीला लाकूड कमी पडलं म्हणून यानं घरातली मेजं आणि जमिनीच्या फळ्या जाळल्याची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. व्याख्यानाला त्यानं एक एक्यू अशी चांगली भारी फी ठेवली, आणि माझं म्हणणं कुणी खोटं ठरवलं तर चौपट परत देईन असं जाहीर केलं. ऐकायला वैद्य आले. त्यांत पारेही होता. डोंगरातल्या दगडांत सापडणारे शिंपले हे खरोखरच्या प्राण्यांचे अवशेष आहेत, झऱ्यांना पाणी पुरवतो तो पाऊस, असं तो आपल्या संग्रहातले नमुने दाखवून सांगत असे. १५८० मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात दोन पात्रं बोलतात. एकाचं नाव ‘सिद्धान्त’, दुसऱ्याचं ‘अनुभव’. प्रश्न विचारतो सिद्धान्त, शिकवतो अनुभव. प्रॉटेस्टंट पंथ सोडायला नकार दिल्यामुळे पालिसी म्हातारपणी बास्तियच्या तुरुंगात मेला.

असाच संवाद आपल्या अगदी जवळ, गोव्यात, त्याआधी छापला गेला होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारीही तो वैद्य म्हणून जात असे, आणि तिथल्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत. १५६३ साली गोव्यात छापलेलं त्याचं भारतीय औषधींवरचं पुस्तक पोर्तुगीज भाषेत आहे. त्यात स्पेनच्या विद्यापीठांत शिकून नुकताच आलेला रुआनो जुन्या ग्रंथांचे दाखले देतो आणि ओर्ता त्याला समोरचं फळ, मूळ, साल दाखवतो. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध बोलायचं धाडस केलं नसतं, असंही तो सांगून टाकतो. वनस्पती आणून देणारी त्याची दासी अंतोनिया पुस्तकात येते ती एखाद्-दुसऱ्या वाक्यापुरती. ओर्ता ज्यू वंशाचा होता, नावापुरता ख्रिस्ती. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी धर्मन्यायालयानं त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. गेलनविरुद्ध लिहिलं म्हणून हे झालं नाही. गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून झालं. पण नवे विचार छापण्याइतपत मोकळीक आणि ही क्रूरता एकाच शहरात, एकाच काळात नांदत होत्या.

पाडुआच्या टेबलाजवळ सुरू झालेलं काम पुढे चालू राहिलं. १५९४ मध्ये तिथे विच्छेदनासाठी कायमचं लाकडी सभागृह बांधलं गेलं, ते आजही बघायला मिळतं. विल्यम हार्वे तिथे शिकून १६०२ मध्ये पदवी घेऊन इंग्लंडला गेला आणि १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरचा ग्रंथ त्यानं छापला.

न्हाव्याचं काय झालं? इंग्लंडमध्ये १५४० सालच्या कायद्यानं न्हावी आणि शल्यवैद्य यांचा एकच संघ झाला आणि त्यांना दरवर्षी फाशी दिलेल्यांपैकी चार प्रेतं मिळू लागली. दोनशे वर्षं ते एकत्र राहिले. दरम्यान शल्यक्रियेला मान मिळत गेला. १७४५ साली शल्यवैद्यांनी आपला वेगळा संघ केला. न्हाव्यांकडे हजामत उरली. फ्रान्समध्ये १७४३ च्या राजाज्ञेनं हीच फारकत झाली, आणि पॅरिसमध्ये शल्यवैद्य होणाऱ्यावर विद्यापीठाच्या कला शाखेची पदवी, म्हणजे ओघानंच लॅटिन, सक्तीची झाली. पारेला ती परीक्षा देता आली नसती. इंग्लंडमध्ये शल्यविशारद आजही आपल्या नावामागे ‘डॉक्टर’ न लावता ‘मिस्टर’ लावतात. त्यांचे पूर्वज विद्यापीठातले नव्हते, वस्तरेवाले होते, याची ती खूण.